पट्टीमास्तरांच्या गोष्टीतला आचारी

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, प्लास्टरची खोली आहे. जिन्यावरून पडलेले, सायकलवरून पडलेले, आणि बायकोदेखत "असाच पाय घसरला" एवढंच सांगणारे, असे सगळे शेवटी तिथे येतात. खोलीत एक उंच टेबल, कोमट पाण्याच्या दोन बादल्या, कापसाच्या गुंडाळ्या, वाळलेलं प्लास्टर कापायची विजेची करवत आणि पट्टीमास्तर. यांत करवतीचा आवाज सगळ्यांत मोठा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तो मान आपला आहे असं मास्तरांचं म्हणणं आहे.

पट्टीमास्तर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वर्षानुवर्षं लोकांच्या हातापायांवर पट्ट्या गुंडाळून ते पडलं, आणि त्यांना ते आवडतं. त्याआधी सैन्यात होते तेव्हा सगळी तुकडी त्यांना "डॉक्टर" म्हणायची. शाळेत जीवशास्त्रात दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या माणसाला डॉक्टर म्हणणं, हे त्यांच्या मते त्या सगळ्या लढाईतलं सर्वांत मोठं धाडस होतं.

झालं असं की भरतीच्या वेळी साहेबांनी विचारलं, औषधपाण्यातलं कोणाला काही कळतं का? मास्तरांनी एका सुट्टीत मामाच्या औषधाच्या दुकानात बाटल्यांवरची धूळ पुसली होती. बाकीच्यांनी तेवढंही केलं नव्हतं. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरली आणि मास्तरांच्या खांद्याला औषधांची पिशवी लटकली. इंजेक्शन द्यायच्या पहिल्या धड्याला दंड शेजारच्याचा होता, सुई मास्तरांच्या हातात होती, आणि चक्कर येऊन आडवे झाले ते मास्तर.

असा माणूस पदक मिळवतो कसा, हे पेशंट विचारतातच. पदक खरं आहे, सरकारी आहे. त्याची गोष्ट मास्तर प्लास्टर ओलं असेपर्यंत सांगतात. पट्टी ओली आहे तोवर माणसाने हलायचं नसतं, आणि न हलणारा श्रोता मिळण्याचं भाग्य मोठमोठ्या वक्त्यांच्या नशिबी नसतं. परवा मनगट मोडलेला एक ट्रकचालक तावडीत सापडला होता.

"तर आमची तुकडी नदीवरच्या पुलापाशी," मास्तर त्याच्या हातावर पट्टी फिरवत सांगत होते. "समोरून तोफा सुरू झाल्या. सगळे पुलाच्या अलीकडे पळाले, मी पलीकडे. का, तर मला दिशा कळत नाहीत. आजही बायको बरोबर नसेल तर मी बाजारातून भलत्याच्याच दारात उभा राहतो. पलीकडे गेलो तर तिथे आमचीच माणसं पडलेली. म्हटलं, आता आलोच आहोत तर बघू. पिशवी उघडली, तर पट्ट्यांच्या जागी माझे मोजे. घाईघाईत तेच भरले होते. सार्जंटचं डोकं मोज्याने बांधलं. तो म्हणतो, डॉक्टर, वास मारतोय. म्हटलं, वास येतोय ना, मग तू जगतोस."

ट्रकचालकाचं पोट हलायला लागलं. मास्तरांनी त्याचा कोपर धरून ठेवला.

"हात हलवू नका, पोट हलवा. आणि आमचा आचारी. माणूस असा अवाढव्य की त्याच्या सावलीत तिघे जेवायचे. हा पुलावर कशाला आला, तर सुपाचं पातेलं घेऊन. त्याच्या मांडीला लागलेलं. मी रक्त थांबवायचा पट्टा काढला आणि आवळला. तो बोंब मारतोय. म्हटलं मार, हा पट्टा दुखायलाच हवा. तर म्हणतो, अरे गाढवा, ही माझी धडकी तंगडी आहे, लागलंय दुसरीला. आता सोडून परत बांधायला वेळ कुठे? तसाच पाठीवर टाकला. वर बसून मलाच रस्ता सांगतोय. डावीकडे घे, पुढे खड्डा आहे, आणि परत येशील तेव्हा पातेलं आण."

"मग? वाचला का तो?" ट्रकचालकाने विचारलं.

"वाचला म्हणजे? कुठेतरी खानावळ टाकून बसला असेल. गिऱ्हाइकांवर खेकसत असेल. सरकारला वाटलं मी शौर्य केलं. मी म्हटलं, तुम्ही एवढे शिकलेले लोक म्हणताय तर केलंही असेल." मास्तरांनी प्लास्टरवर टिचकी मारून पाहिली. "झालं. आता भिजवू नका."

पदक देताना जे जाहीर वाचून दाखवलं गेलं होतं, त्यात मोजे नव्हते. भर गोळीबारात हा जवान पुन्हा पुन्हा पुलावर गेला, स्वतःच्या खांद्यात लोखंडाचा तुकडा रुतलेला असताना त्याने चार जणांना ओढून आणलं, असं त्यात होतं. मास्तर तिथे ताठ उभे होते आणि हा कोण पराक्रमी माणूस, असा चेहरा करून ऐकत होते. त्यांची त्या वेळी होऊ घातलेली बायको प्रेक्षकांत होती. ती म्हणते की तो चेहरा तेव्हापासून उतरलेलाच नाही.

मुलगी या गोष्टीवरच वाढली. जेवताना भाजी नको म्हटलं की पूल, शाळेत मार खाल्ला की पूल, ताप आला की पूल. तिला ती तोंडपाठ होती. मास्तर घाईत मोजे गाळून पुढे गेले तर ती त्यांना मागे आणायची, आणि आचारी पाठीवर बसून "डावीकडे घे" म्हणाला की हात-पाय झाडत हसायची. तिचं हसू हे मास्तरांचं खरं पदक होतं. पुढे ती नर्स झाली, तेव्हा मास्तरांनी इस्पितळभर पेढ्यांऐवजी ती बातमीच वाटली, कारण बातमीने कोणाची साखर वाढत नाही.

आणि मग एका संध्याकाळी ती घरी आली, चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "झाली निवड. सैन्यात. तुमच्यासारखीच, जखमींना सांभाळणाऱ्या तुकडीत."

मास्तर काकडी कापत होते. ते कापतच राहिले.

"मुलाखतीत विचारलं, तुम्हाला हेच का करायचंय. मी आचाऱ्याची गोष्ट सांगितली. बाबा, चौघेही साहेब हसत होते. एक तर डोळे पुसत होते."

"हसणारच," मास्तर म्हणाले. "धडक्या तंगडीला ना?"

"हो, तिथेच," ती म्हणाली, आणि आनंदाने हात धुवायला गेली.

मास्तरांची बायको टपाल कार्यालयात खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची तिला सवय आहे, आणि त्यामुळे घरी ती फार बोलत नाही. तिने मास्तरांच्या हातातून सुरी काढून घेतली. त्यांनी सबंध काकडीचा भुगा केला होता.

"आता सांगा तिला," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय सांगू?"

"आचारी गेला हे. मला लग्नाआधी एकदा सांगितलंत, त्यानंतर मी कधी विषय काढला नाही. म्हटलं, हसून दिवस जातायत तर जाऊ देत. पण तुमच्या गोष्टीत कोणी मरतच नाही हो. पोर तेच शिकून निघाली आहे. तिच्या हातात पहिला माणूस मरेल, तेव्हा तिला वाटेल की जगात एकटी तीच नालायक आहे. तुमच्याच्याने सांगवत नसेल तर मी सांगते."

"तू नको," मास्तर म्हणाले. "माझा आहे तो. मी सांगतो."

सांगतो म्हणणं सोपं होतं. मास्तरांना भीती वाटत होती, आणि ती पुलावर वाटली होती त्याहून जास्त होती. पुलावर निदान करायला काम होतं. शिवाय एक अडचण अशी की इतकी वर्षं थट्टा करून करून त्यांच्या जिभेला दुसरं वळणच उरलं नव्हतं. सवय म्हणजे कुत्र्याचं शेपूट, नळीत घातलं तरी वाकडं.

पहिला प्रयत्न त्यांनी बुटांच्या दुकानात केला. मुलीला जाड तळव्याचे बूट घ्यायचे होते. ती बाकावर बसून नाडी ओढत होती आणि मास्तर शेजारी एक पाय हलवत बसले होते. "तिकडे ना," ते म्हणाले, "काही वेळा काय होतं..." तिने मान वर करून पाहिलं. तिच्या तोंडावर हसण्याची सगळी तयारी दिसत होती. "...काही वेळा बूट चावतात," मास्तर म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास सार्जंटच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. दुकानदारही हसला. घरी येताना मास्तरांनी स्वतःला मनातल्या मनात गाढव म्हटलं, आणि या बाबतीत आचाऱ्याचं निदान अगदी बरोबर होतं असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी मन घट्ट करून तिच्या खोलीच्या दारावर टकटक केली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तर म्हणाले, "मला तुझ्याशी गंभीर बोलायचंय." यावर ती इतकी हसली की पलंगावर बसली. तिचंही काही चुकलं नव्हतं. हे वाक्य ती बापाच्या तोंडून ऐकायची तेव्हा पाठोपाठ हमखास काहीतरी अचाट यायचं. मास्तरांनी मग तिला सल्ला दिला की सैन्यात मोजे जास्त न्यावेत. बाहेर बायको उभी होती. तिने नुसतं पाहिलं, आणि ते पाहणं मास्तरांना दिवसभर पुरलं.

जायच्या आदल्या दिवशी मुलगी दुपारची इस्पितळात आली. वरच्या वॉर्डातल्या मैत्रिणींचा निरोप घेऊन ती खाली प्लास्टरच्या खोलीत उतरली. सुट्टीचा दिवस होता, पेशंट नव्हते. मास्तर बादल्या घासत होते. बुटांवर, चष्म्यावर, भुवयांवर पांढरी धूळ होती.

"बाबा, टेबलावर चढा," ती म्हणाली. तिच्या हातात नवाकोरा पट्टा होता, तसाच, रक्त थांबवायचा, सोबत आवळायची दांडी. "मला हात बसवायचाय. उद्या तिकडे गेल्यावर सगळ्यांसमोर फजिती नको."

मास्तर टेबलावर चढले. त्या टेबलाने कोणकोणाला झेललं होतं, पण मास्तरांच्या पोटाने ते पहिल्यांदाच कुरकुरलं. मुलीने त्यांच्या उजव्या मांडीभोवती पट्टा घातला, खेचला आणि दांडी फिरवायला लागली.

"दुखतंय?"

"अजून नाही. म्हणजे अजून लागलेला नाही. फिरव."

तिने फिरवली. मास्तरांनी दात आवळले. हात चांगला होता तिचा, अजिबात थरथरत नव्हता. त्यांना बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

"एक विचारू?" ती पट्ट्याकडे बघत म्हणाली. "आता स्वतः बांधताना डोक्यात आलं. आचाऱ्याला तुम्ही चुकीच्या पायाला बांधला. म्हणजे लागलेला पाय तसाच उघडा. आणि तसाच पाठीवर घेऊन सगळा पूल ओलांडला. मग त्याची जखम किरकोळ असणार, हो ना? कारण मांडीतली मोठी रक्तवाहिनी असती तर तो पुलाच्या निम्म्यातही पोचला नसता."

मास्तर छताकडे बघत होते. जिभेवर उत्तर तयार होतं. तो आचारी होता, त्याच्यात रक्ताऐवजी सूप होतं. हे म्हणायचं, ती हसेल, उद्या गाडीत बसेल, संपलं. तोंड उघडलंही त्यांनी.

"नाही पोचला," मास्तर म्हणाले.

दांडीवरचा तिचा हात थांबला.

"जखम मांडीत नव्हती. वर होती, जांघेत. तिथे पट्टा बसत नाही, बसायला जागाच नसते. मी पट्टा काढलाच नाही. जखमेत कापड कोंबलं, वरून मूठ घातली आणि सगळं वजन टाकून दाबलं. शिकवतात ना तुम्हाला, तसंच. पुलाच्या कठड्याच्या आडोशाला होतो आम्ही. उचलायला दुसरं कोणी येऊ शकत नव्हतं, आणि मी हात काढला असता तर तो तिथेच संपला असता."

"आणि मोजे?"

"मोजे कुठले. पिशवी मी नेहमी स्वतः भरायचो, दोनदा तपासायचो. सगळं जागच्या जागी होतं." मास्तरांनी चष्मा काढून पोटावर ठेवला. "तो घाबरला होता. एवढा मोठा माणूस, पण डोळे अगदी पोरासारखे झाले होते त्याचे. मला म्हणाला, डॉक्टर, झोप येतेय. झोपू द्यायचं नव्हतं. हात दोन्ही अडकलेले. मग मी बोलायला लागलो. म्हटलं, अरे, आज माझी काय फजिती झाली ऐक. मला दिशाच कळली नाही. पिशवीत मोजेच निघाले. तुझ्या भलत्याच तंगडीला पट्टा बांधलाय बघ. जे सुचेल ते. तुला सांगतो ना, ती सगळी गोष्ट. ती मी पहिल्यांदा त्याला सांगितली."

मुलीने दांडी तशीच धरून ठेवली.

"तो हसला," मास्तर म्हणाले. "तंगडीपाशी हसला. म्हणाला, गाढव आहेस. आणि मग हसायचा थांबला."

बाहेर व्हरांड्यातून कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली.

"मग तुमचं नेमकं काय चुकलं होतं?" तिने विचारलं. आवाज नर्सचा होता, पण पुरता नाही.

"काही नाही. तेच तर. मी लढाईनंतर मोठ्या डॉक्टरांना विचारलं, कोपऱ्यात गाठून विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तू करायला हवं ते सगळं केलंस, काही चुकलं नाही तुझं. चुकलं असतं तर बरं झालं असतं गं. पुढच्या वेळी ते करायचं नाही, एवढं तरी हाताशी राहिलं असतं. गोष्टीत मी सगळंच चुकतो आणि सगळे जगतात. मला ते सोयीचं वाटलं."

"किती वेळ बसलात त्याच्याजवळ? नंतर?"

"बसलो नाही. पलीकडून सार्जंट हाका मारत होता. मी मूठ काढली, पिशवी उचलली आणि गेलो. सार्जंटला ओढून आणलं, मग बाकीच्यांना. ते चौघे जगले. पदक त्यांचं आहे." मास्तरांनी पोटावरचा चष्मा उचलला. "त्या चौघांतल्या एकाचाही चेहरा मला आज धड आठवत नाही. त्याचा मात्र आठवतो."

मुलीने दांडी उलटी फिरवून पट्टा सोडला. मास्तरांच्या पायात मुंग्यांचं वारूळ उठलं, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. ती टेबलाच्या कडेला, त्यांच्या गुडघ्यांशेजारी बसली. तिच्या काळ्या पँटला पांढरी धूळ लागली.

"मी ती गोष्ट त्या साहेबांना सांगितली," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगत आले. शाळेत, कॉलेजात. सगळे त्याला हसले."

"हसू दे. तो स्वतःही हसला होता. गोष्ट त्याच्यासाठीच केलेली होती." मास्तरांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. नाक मात्र प्लास्टरच्या कापसाला पुसलं, जे नियमात बसत नाही.

पँटवरची धूळ झटकत ती म्हणाली, "मी जाणारच आहे, बाबा."

"जा. तू जाऊ नयेस म्हणून नाही सांगितलं हे. आई म्हणाली सांगा म्हणून, आणि ती बरोबर होती. ती नेहमीच असते, पण हे तिला कळता कामा नये."

ती जराशी हसली आणि लगेच थांबली. पट्ट्याची गुंडाळी करता करता म्हणाली, "माझ्याही हातात असं होईल ना? सगळं बरोबर करूनही?"

नाही म्हणावं असं मास्तरांना फार वाटलं. आचाऱ्यानेही विचारलं होतं, डॉक्टर, मी जाणार का, आणि त्याला ते बेधडक नाही म्हणाले होते.

"होईल," मास्तर म्हणाले. "एकदा तरी होईलच. त्या दिवशी काम संपलं की घरी फोन कर. आईला नको, मला कर. काय झालं ते सगळं सांग, जसं झालं तसं. मी गोष्ट सांगणार नाही. थट्टा करणार नाही. मध्ये एक शब्द बोलणार नाही, नुसतं ऐकेन."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस भूल दिलेल्या पेशंटशीही गप्पा मारतो, हे तिला ठाऊक होतं.

"जमेल तुम्हाला?"

मास्तरांनी खरोखर विचार केला.

"नाही जमणार," ते म्हणाले. "तरी कर."